साखर-गुळाशिवाय बेक्ड बीन्स: शुगर असलेल्यांसाठी घरी कसे करावेत

घरी बेक्ड बीन्स, म्हणजे टोमॅटोच्या रसात भाजलेला पांढरा राजमा, करणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. टोमॅटोत तासभर रटरटवूनही दाणे टणकच राहिले. किंवा दाणे शिजले, पण विकतच्या डब्यातल्यासारखी चव येईना म्हणून शेवटी गुळाचा खडा टाकला. आणि मग ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला त्यांनीच "घरचं आहे, काही होत नाही" म्हणत तीन पावांबरोबर ते खाल्लं. यातल्या पहिल्या दोन चुका क्रमाच्या आहेत आणि तिसरी ताटाची. म्हणून इथे कृतीपेक्षा कशानंतर काय करायचं यावर जास्त लिहिलं आहे.

डब्यातल्या साध्या बेक्ड बीन्समध्ये १०० ग्रॅममागे साधारण ४ ते ५ ग्रॅम साखर असते. थोडी टोमॅटोची, बाकीची वरून घातलेली. अर्धा डबा खाल्ला की चहाचे दोन चमचे साखर पोटात गेली. वरून घातलेली ही साखर घरी टाळता येते. दाण्यातलं पिष्ट मात्र टाळता येत नाही, ते मोजूनच खावं लागतं.

सुरू करण्याआधी

मधुमेहाबरोबर मूत्रपिंडाचाही त्रास असेल, तर कडधान्य आणि टोमॅटो दोन्हींत पोटॅशियम भरपूर असतं. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा पदार्थ नेहमीच्या जेवणात आणू नये.

इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि भात काढून तिथे बीन्स ठेवले, तर शुगर नेहमीपेक्षा खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोकं हलकं होणं असं काही वाटलं तर बीन्स आणखी खाऊन उपयोग नाही, त्यांतली साखर फार सावकाश रक्तात उतरते. तेव्हा १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच घ्यायची. गोळीचा डोस स्वतःच्या मनाने बदलायचा नाही.

१. दाणा निवडणे

डब्यात असतो तो लहान पांढरा राजमा. रत्नागिरी, चिपळूण, कणकवली, अलिबागसारख्या ठिकाणी मोठ्या किराणा दुकानात तो मिळतो. नाहीच मिळाला तर पांढरी चवळी घ्या. ती लवकर शिजते आणि रसही छान धरते. पावटा चालतो, पण साल जाड लागते. कडवे वाल मात्र यासाठी नकोत. न सोलता कडू लागतात आणि मोड आणून सोलले तर तासभर भाजण्यात त्यांचा गाळ होतो. त्यांचं बिरडंच करा.

खरी गोम दाण्याच्या वयात आहे. उष्ण आणि दमट हवेत महिनोन्‌महिने पडलेलं कडधान्य असं टणक होतं की मग कितीही शिजवा, आतून करकरीतच राहतं. आपली किनारपट्टीची हवा नेमकी तशीच. आगोटीला भरून ठेवलेला राजमा गणपतीत काढला आणि शिजला नाही, तर दोष कुकरचा नसतो. बीन्ससाठी दाणे लागतील तसे पाव-अर्धा किलोच आणावेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. टोके लागलेले, सुरकुतलेले, सालीला तडे गेलेले दाणे परातीत पसरून वेचून टाका.

*तपासा:* दाण्याच्या वयाची शंका असेल तर मूठभर आधी भिजवून, शिजवून पाहा. भिजून दुप्पट फुगले नाहीत आणि पाऊण तास उकळूनही चिमटीत दबले नाहीत, तर ते दाणे बेक्ड बीन्ससाठी सोडून द्या.

२. सामान काढून ठेवणे

हे माप सहा वाढण्यांचं आहे.

- पांढरा राजमा किंवा चवळी: २०० ग्रॅम, कोरडी
- पिकलेले टोमॅटो: ४०० ग्रॅम
- कांदा: १५० ग्रॅम, बारीक चिरून
- लाल भोपळा: ७५ ग्रॅम, वाफवून मऊ केलेला
- लसूण: ५-६ पाकळ्या
- तेल: १ मोठा चमचा
- मोहरीची पूड १ चमचा, बेडगी मिरचीची पूड १ चमचा, मिरपूड अर्धा चमचा
- लवंग १, दालचिनीचा बोटभर तुकडा, तमालपत्र १, चिमूटभर हिंग
- आमसूल: १, लागलंच तर
- मीठ: रसासाठी पाऊण चमचा, भिजवण्यासाठी वेगळं

अलिबागचा पांढरा कांदा मिळाला तर तोच घ्या. २०२२ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण आपल्याला हवा आहे तो त्याचा कमी तिखटपणा. मंद आचेवर परतला की त्याचा गोडवा पुढे येतो. उन्हाळ्यात त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगलेल्या दिसतात. एरवी साधा कांदा चालेल, फक्त थोडा जास्त वेळ परतावा लागतो.

*सावध:* गूळ, मध, खजूर यांतलं काहीही "नैसर्गिक" म्हणून घालू नका. गुळात बहुतांश साखरच असते, रक्तात गेल्यावर तिचा रंग कोणी विचारत नाही. बाटलीतला टोमॅटो केचपही नको, त्यात वजनाच्या सुमारे चौथा हिस्सा साखर असते. आणि कोकम घालायचं तर आमसूल किंवा आगळ (कोकमाचा मिठातला रस). सरबताच्या बाटलीतलं कोकम म्हणजे साखरेचा पाक. आगळात मीठ असतं, ते घातलं तर रसातलं मीठ त्या हिशोबाने कमी करा.

३. भिजवणे

राजमा दोन-तीनदा चोळून धुवा. एक लिटर पाण्यात चहाचे अडीच चमचे मीठ विरघळवून त्यात आठ तास भिजवा. चवळीला चार-पाच तास पुरतात.

इथे बरेच जण थबकतात, कारण मिठाने कडधान्य शिजत नाही असं आपण लहानपणापासून ऐकलेलं असतं. मिठावर हा उगाचच आळ आहे. दाण्याच्या सालीला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कडक धरून ठेवतात. भिजवणीतलं मीठ त्यांची जागा घेतं आणि साल मऊ पडते, शिजताना फाटतही नाही. दाणे टणक ठेवतं ते आंबट. त्याबद्दल पुढे येईलच. भिजवणीचं पाणी फेकून द्यायचं आहे, त्यामुळे यातलं थोडंच मीठ पोटात जातं. रक्तदाबासाठी मीठ अगदीच तोडलेलं असेल तर साध्या पाण्यात भिजवा, शिजायला पाच-सात मिनिटं जास्त लागतील, एवढंच.

पाणी कोणतं, हेही बघा. समुद्राजवळच्या कित्येक बोअरवेलना मचूळ, जड पाणी असतं. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्यात दाणेही नीट शिजत नाहीत. भिजवायला आणि शिजवायला विहिरीचं गोडं किंवा नळाचं पाणी घ्या.

*सावध:* एप्रिल-मे महिन्यांत रात्रभर ओट्यावर ठेवलेले दाणे सकाळपर्यंत आंबतात. पाण्यावर फेस, आंबूस वास, बोटांना बुळबुळीतपणा जाणवला तर टाकून द्या. उकाड्यात भांडं फ्रिजमध्ये ठेवा आणि आठऐवजी दहा-बारा तास द्या.

*तपासा:* एक दाणा मधोमध कापा. आतपर्यंत एकच रंग दिसला पाहिजे. मध्ये पांढरट कोरडा ठिपका असेल तर अजून भिजायचा आहे.

४. शिजवणे: या टप्प्यावर आंबट काहीही नाही

भिजवणीचं पाणी ओतून द्या, दाणे धुवा. नवीन पाणी दाण्यांच्या वर दोन-तीन बोटं येईल एवढं घाला. कुकरचं झाकण न लावता आधी १० मिनिटं चांगलं खळखळून उकळू द्या, वर येणारा फेस पळीने काढा.

ही १० मिनिटं फक्त फेसासाठी नाहीत. कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं विषारी प्रथिन असतं. लाल राजम्यात ते सर्वांत जास्त, पांढऱ्यात कमी, पण असतंच. पुरतं उकळल्यावर ते निकामी होतं. अर्धवट गरम राहिलं तर काही तासांतच उलट्या आणि जुलाब सुरू होतात. म्हणून भिजवलेला कच्चा राजमा थेट ओव्हनमध्ये, चुलीच्या निखाऱ्यांवर किंवा मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यात कधीही ठेवायचा नाही. "भाजताना शिजेलच की" हा विचार इथे महागात पडतो.

मग तमालपत्र, हिंग आणि तेलाचे दोन थेंब टाकून झाकण लावा. कुकर निम्म्याहून जास्त भरू नका. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही, प्रत्येक कुकरची शिट्टी वेगळी. पहिली शिट्टी झाली की आच अगदी मंद करून घड्याळ लावा: राजम्याला १२ ते १५ मिनिटं, चवळीला ५ ते ७. वाफ आपोआप जाऊ द्या. घाईने शिट्टी उचलली की दाणे फुटतात.

पाणी जडच असेल आणि दुसरी सोय नसेल तर चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. चिमूटभरच. जास्त झाला की साबणासारखी चव येते आणि दाण्यांचा लगदा होतो.

*तपासा:* भांड्याच्या वेगवेगळ्या भागांतले पाच दाणे काढा. अंगठा आणि बोट यांत धरून हलकेच दाबा. साल न सरकता आतला गर लोण्यासारखा पसरला तर झालं. चमच्यात दोन दाणे घेऊन फुंकर मारली की साल सुटून वर वळते, तीही चांगली खूण. पाचांतला एक जरी करकरला तरी पुन्हा पाच मिनिटं. हे कंटाळवाणं आहे, पण इथे सोडून पुढे गेलात तर मागे फिरता येत नाही. टोमॅटो, आमसूल, चिंच, व्हिनेगर यांतलं काहीही पडलं की दाणा जिथे असेल तिथेच थांबतो, नंतर तासभर भाजून तो कोरडा होईल पण मऊ होणार नाही. "माझे बीन्स टणकच राहिले" म्हणणाऱ्या दहांपैकी बहुतेकांचा घोटाळा याच जागी झालेला असतो. गुळामुळेही दाणे घट्ट राहतात, कारण त्यातही कॅल्शियम असतं.

शिजलेलं पाणी फेकू नका. दीड वाटी बाजूला ठेवा, रसाला दाटपणा त्यातूनच येतो.

५. रस

दाणे कुकरमध्ये असतानाच रस करायला घेतला तर वेळ वाचतो.

जाड बुडाच्या टोपात तेल गरम करून लवंग आणि दालचिनी टाका, मग कांदा आणि चिमूटभर मीठ. झाकण ठेवून अगदी मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. मधूनमधून ढवळा, तळाला लागतोय वाटलं तर चमचाभर पाणी शिंपडा. कांदा गुलाबी झाला की लोक थांबतात. थांबू नका. तो आकसून तांबूस, जवळजवळ जॅमसारखा झाला पाहिजे. साखर न घालता गोडवा आणायचा तर तो इथूनच येणार, दुसरी वाट नाही.

आता ठेचलेला लसूण, मिनिटभराने मिरचीची पूड, मिरपूड आणि मोहरीची पूड. मोहरीच्या पुडीमुळे डब्यातल्या बीन्सची ओळखीची चव येते, ती वगळू नका. फक्त करपू देऊ नका, लगेच टोमॅटो घाला. टोमॅटो आधी गरम पाण्यात बुडवून, सोलून, वाटून घ्यायचे. भोपळा चांगला घोटून उरलेल्या मिठाबरोबर यातच मिसळा. मधुमेहात भोपळा चालतो का, अशी शंका येईल. ७५ ग्रॅम भोपळ्यात जेमतेम ५ ग्रॅम कर्बोदकं असतात आणि तीही सहा जणांत वाटली जातात. झाकण अर्धवट ठेवून रस आळून येईपर्यंत १५ मिनिटं शिजवा. कडेने तेल दिसू लागलं की पुरे.

कॉर्नफ्लोअर, मैदा, तांदळाची पिठी यांतलं काही दाटपणासाठी घालायचं नाही. त्याऐवजी शिजलेल्या दाण्यांतले दोन पळ्या दाणे घोटून रसात मिसळा.

*तपासा:* आता चव बघा. गोड कमी वाटलं तर बहुतेक वेळा आंबट जास्त झालेलं असतं. पावसाळ्यातले टोमॅटो पाणचट आणि आंबट, त्या दिवसांत आमसुलाची गरजच पडत नाही. उन्हाळ्यातल्या लालभडक टोमॅटोला एक आमसूल पुरतं. आमचा कोकणी हात कोकमाकडे आपसूक जातो, इथे तो आवरावा लागतो. तरीही एखाद्याला गोड हवंच असेल तर सगळं भाजून झाल्यावर त्याच्या वाटीत स्टेव्हियाचा एखादा थेंब घाला, भांड्यात नको.

६. भाजणे

मऊ दाणे, रस आणि राखून ठेवलेलं एक वाटी पाणी एकत्र करा. दाणे रसात नुसते बुडलेले दिसले पाहिजेत, पोहणारे नकोत. दाण्यांना दाब देऊन ढवळू नका.

ओटीजी, म्हणजे घरगुती विजेचा ओव्हन, असेल तर १६० अंशांवर आधी तापवा. झाकण किंवा फॉइल लावून ४५ मिनिटं, मग झाकण काढून १५ मिनिटं. अर्ध्या वेळेत एकदा बघा, वरचे दाणे कोरडे पडत असतील तर उरलेलं अर्धी वाटी पाणी कडेने सोडा.

ओव्हन नसला तरी अडत नाही. बिडाचा तवा गॅसवर तापवून त्यावर जाड टोप ठेवा, आच सगळ्यात बारीक, झाकण घट्ट, ३५-४० मिनिटं. घरी चूल असेल तर धोंडस (काकडीचा गोड केक) भाजतो तसे खाली थोडे आणि झाकणीवर जास्त निखारे ठेवा. वरून आच मिळाली की वरच्या थराला जो खमंगपणा येतो तो गॅसवर येत नाही.

धुराचा वास हवा असेल तर शेवटी करवंटीचा पेटता निखारा वाटीत घालून ती वाटी बीन्सच्या मध्यभागी ठेवा, वर तुपाचा एक थेंब सोडा आणि झाकण लावा. दोन मिनिटांत वाटी काढा. पाच मिनिटं ठेवलीत तर घरभर आणि तोंडभर नुसता धूर.

भाजून झाल्यावर १५ मिनिटं तसंच राहू द्या. गरम असताना पातळ वाटणारा रस निवताना दाटतो.

७. वाढणे आणि मोजणे

या सगळ्या भांड्यात मिळून साधारण १५० ते १५५ ग्रॅम कर्बोदकं आहेत: दाण्यांची सुमारे १२०, बाकी टोमॅटो, कांदा आणि भोपळ्याची. सहा सारखे भाग केले तर प्रत्येकी २५-२६ ग्रॅम, आणि त्यातही बराच भाग तंतूंचा. एक भाग म्हणजे मध्यम वाटीभर.

हा भाग भाताच्या किंवा भाकरीच्या *जागी* आहे, त्यांच्या जोडीला नाही. शिजलेला वाटीभर, म्हणजे १५० ग्रॅम भात खाल्ला की ४० ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं होतात. बीन्स आहेत म्हणून भात अर्धा केला तर हिशोब जमतो. भात तेवढाच ठेवून बीन्स "भाजी" म्हणून घेतले तर शुगर वाढणारच, आणि मग बीन्सना नावं ठेवली जातात. सकाळच्या नाश्त्याला एक वाटी बीन्स, एखादं उकडलेलं अंडं आणि काकडीची कोशिंबीर पुरते. पाव हवाच असेल तर एक, तोही बीन्स संपल्यावर नव्हे, बीन्सबरोबर.

कडधान्याची सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात अर्धीच वाटी घ्या. एकदम भरपूर तंतू पोटात गेले की गॅस होणार.

*तपासा:* घरी ग्लुकोमीटर असेल तर खाण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा शुगर बघा. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या भाताच्या जेवणाला तेच करा. दोन आकडे शेजारी लिहिले की आपल्याला किती वाटी चालते ते कळतं. आकडे डॉक्टरांनाही दाखवा.

८. साठवण

दोन तासांच्या आत निववून फ्रिजमध्ये ठेवा. मोठा टोप तसाच झाकून ठेवला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, म्हणून पसरट डब्यांत एकेक भाग वेगळा काढा. मोजायलाही सोपं जातं. फ्रिजमध्ये तीन दिवस, फ्रीजरमध्ये दोन महिने. पावसात लाइट गेली आणि फ्रिज चार तासांहून जास्त बंद राहिला, तर फ्रिजमधले बीन्स वास न बघता टाकून द्या. परत गरम करताना चमचाभर पाणी घालून वाफ येईपर्यंत उकळवा, आणि एकदा गरम केलेलं पुन्हा ठेवू नका.

*सावध:* आंब्याचा रस आणि आगळ आपण घरी बाटल्यांत भरतो, तसे बीन्स भरू नका. आंबा आणि कोकम आंबट असतात म्हणून टिकतात. या पदार्थात दाणेच जास्त, त्यामुळे आंबटपणा कमी पडतो. बोट्युलिझम करणाऱ्या जंतूंचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात मरत नाहीत, त्यांना दाबाखाली १२१ अंशांची उष्णता लागते. बंद बाटलीत ते वाढले तरी वास किंवा रंग बदलेलच असं नाही. कारखान्यातला डबा वर्षभर टिकतो तो दाबाखाली तेवढी उष्णता देणाऱ्या यंत्रामुळे. घरच्या बीन्सची जागा फ्रीजरच.